सोलापूर की धाराशिव? नळदुर्ग सोडण्याआधी लेकरांच्या शाळेचा रस्ता चालून बघा

एप्रिल संपत आला, निकालपत्रकं लिहून व्हायला लागली की शाळेत दाखला मागायला येणाऱ्या पालकांची ये-जा सुरू होते. नळदुर्गमध्ये हे दर वर्षाचं आहे. कुणाला सोलापुरात काम लागलेलं असतं, कुणी धाराशिवला दुकान टाकत असतो, कुणाचा भाऊ आधीच गेलेला असतो आणि तो बोलावत असतो. अर्जावर कारण म्हणून दोनच शब्द येतात, 'पालकांचे स्थलांतर'. त्या दोन शब्दांच्या मागे घरात महिना-दोन महिने चाललेला वाद असतो. आणि बरेच जण अर्ज हातात धरूनसुद्धा विचारतात, "सर, सोलापूर जाना क्या धाराशिव? आप बोलो."

आम्ही शिक्षक माणसं. कुठल्या शहरात धंदा किती चालेल, दुकानाची पागडी किती, हे आम्हाला सांगता येत नाही. पण गावातून गेलेल्या लेकरांचं पुढे काय होतं ते आम्हाला दिसतं. दोन-तीन वर्षांनी तीच माणसं दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतात, ईदला गावी आलेली मुलं रस्त्यात भेटतात, सलाम करतात. आम्ही विचारतो, "कितवीला आहेस?" मुलगा सांगतो, नववी. बहीण मात्र गप्प राहते. मग आई सांगते, "हिची आठवीनंतर शाळा लांब पडली सर, म्हणून घरीच ठेवलं."

हा लेख त्या 'लांब पडली' साठी आहे.

दोन शहरं, दोन दिशा

नळदुर्गपासून सोलापूर आणि धाराशिव दोन्ही पन्नास किलोमीटरच्या आगेमागे. सोलापूर पश्चिमेला, सरळ हैदराबाद रस्त्यावर, म्हणजे आत्ताच्या राष्ट्रीय महामार्ग 65 वर. धाराशिव उत्तरेला, तुळजापूरवरून. अंतर सारखं असल्यामुळेच निवड अवघड होते. एक शहर जवळ आणि एक लांब असतं तर प्रश्नच नव्हता.

ही ओढाताण जुनी आहे. एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण नळदुर्गच होतं. 1853 मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, 1860 मध्ये तो परत निजामाकडे आला. पुढे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जिल्ह्याचं ठाणं इथून धाराशिवला गेलं. कचेऱ्या गेल्या, त्यांच्यामागे वकील, कारकून, मुन्शी गेले. तिकडे सोलापूरला 1860 मध्येच रेल्वे पोचली होती आणि रेल्वेमागून कापडाच्या गिरण्या आल्या. तेव्हापासून कागदाचं काम असलं की धाराशिव, हाताचं काम असलं की सोलापूर, अशी इथल्या माणसाची वाटणी झाली. आजही बरीचशी तीच आहे. मोठ्या गिरण्या बंद पडून किती तरी वर्षं झाली, पण चादर-टॉवेलचे यंत्रमाग, शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने, मार्केट यार्ड, गॅरेज, दवाखाने यांत सोलापुरात हाताला काम मिळतं. धाराशिवला जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, कोर्ट, आणि त्यांच्याभोवती चालणारं छोटं दुकान, झेरॉक्स, बांधकाम, गाडी.

म्हणून पहिला सल्ला कामाचा, आणि तो थोडक्यात. जिथे काम पक्कं, तिथे जा. 'तिथे गेल्यावर बघू' या भरवशावर लहान लेकरं घेऊन जाऊ नका. आधी बापाने एकट्याने दोन-तीन महिने जाऊन राहावं किंवा ये-जा करावी. ये-जा करणं त्रासाचं आहे. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास धरले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत साठ तास एसटीत जातात. पण पहिले तीन महिने हा त्रास सोसला तर काम टिकतंय का ते कळतं, आणि लेकरांची शाळा अर्ध्या वर्षात मोडत नाही. आम्ही पाहिलेल्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्यांचं झालं आहे. नव्या शाळेत पुस्तक अर्धं संपलेलं, बाई नव्या, दोस्त नाही. अशा मुलाचं ते वर्ष वाया गेल्यातच जमा.

शाळा कितवीपर्यंत आहे, हे आधी विचारा

आता मुद्द्यावर येतो. शहर बघायला गेलेले बाप आम्हाला येऊन सांगतात, "शाळा आहे सर, घराच्या बाजूलाच." आम्ही विचारतो, "कितवीपर्यंत?" हे बहुतेकांनी विचारलेलंच नसतं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवी मोफत आणि सक्तीची केली. आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. नववी-दहावीसाठी असं काहीच नाही. कायदा आठवीला थांबतो, आणि नेमकी तिथेच आपल्या मुलींची शाळा थांबते. जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या कितीतरी शाळा चौथी, पाचवी, सातवी किंवा आठवीपर्यंतच असतात. चौथीतल्या मुलीसाठी 'बाजूची शाळा' बघून घर घेतलं, तर एक-दोन वर्षांत दुसरी शाळा शोधावी लागते आणि चार वर्षांत तिसरी. दर वेळी रस्ता लांबतो. मुलगा सायकल काढतो. मुलीसाठी मात्र घरात बैठक बसते.

त्यामुळे घरातल्या सगळ्यात मोठ्या मुलीचा हिशोब धरा. मोठी मुलगी नसेल तर जी आहे तिचा. ती आज ज्या इयत्तेत आहे तिथून दहावीपर्यंत कोणकोणत्या शाळेत जाईल, आणि त्यातली शेवटची शाळा भाड्याच्या घरापासून पायी किती मिनिटांवर आहे, ते स्वतः चालून बघा. नकाशावर बघू नका. शाळा सुटायच्या वेळेला चाला. मध्ये हमरस्ता ओलांडावा लागतो का, रिकामं मैदान लागतं का, त्या वाटेवर त्या वेळी इतर मुली असतात का. वीस मिनिटांच्या आत, वर्दळीच्या रस्त्याने जाता येत असेल तर ती मुलगी दहावी होईल असं आम्ही बऱ्याच खात्रीने म्हणतो. रिक्षा लावावी लागणार असेल तर ज्या महिन्यात हात तंग होईल त्या महिन्यात पहिला खर्च तिच्या रिक्षाचा तुटेल. घर चालवणाऱ्याला हे सांगायला नको.

या कसोटीवर दोन्ही शहरं वेगवेगळी दिसतात. सोलापुरात उर्दू माध्यमाची सोय आपल्या पूर्ण जिल्ह्यापेक्षा मोठी आहे. महापालिकेच्या शाळा तिथे मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांत चालत आल्या आहेत. एम. ए. पानगल अँग्लो उर्दू हायस्कूलसारख्या जुन्या संस्था आहेत, सोशल असोसिएशनचं कॉलेज आहे. म्हणजे घर योग्य जागी मिळालं तर मुलगी पहिलीपासून पदवीपर्यंत एकाच शहरात शिकू शकते. पण 'योग्य जागी' हे महत्त्वाचं. सोलापूर 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं शहर होतं आणि त्यानंतर चारी बाजूंनी पसरलं. आपल्या बजेटमध्ये बसणारं घर बहुधा शहराच्या कडेला मिळतं, आणि जुन्या, चांगल्या शाळा मध्यभागी, पेठांमध्ये आहेत. 'सोलापुरात आहोत' म्हणायचं आणि शाळा पाच किलोमीटरवर, असं होतं.

धाराशिव लहान. लाखभर वस्तीचं शहर, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मुलगी सायकलवर जाऊ शकते. उर्दू शाळा आहेत, पण मोजक्या. एका शाळेत मन रमलं नाही तर दुसरी निवडायला फारशी जागा नाही. दहावीनंतर उर्दू माध्यम धरून ठेवायचं असेल तर सोलापूरची वाट धरावी लागण्याची शक्यता जास्त.

इथे माध्यमाविषयी आमचं मत सांगून टाकतो, पटलं तर घ्या. घर बदलताना माध्यमही बदलू नका, निदान एकाच वर्षात नको. शहरात गेलो म्हणजे इंग्रजी शाळेत घालायचं, असा एक समज आहे. चौथीतली उर्दू माध्यमाची मुलगी नव्या गावात, नव्या माणसांत, आणि वर तिसऱ्याच भाषेत भागाकार शिकायला बसली तर ती हुशार असूनही मागे पडते. मग घरी म्हणतात, 'इसका दिमाग नहीं चलता.' तिचं डोकं चालतं, पण तिच्यावर तीन ओझी एकदम टाकलेली असतात. पहिलीत जाणाऱ्या धाकट्याचं माध्यम खुशाल नव्याने ठरवा. मोठ्यांचं आहे ते चालू द्या आणि मराठी पक्की करा. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झालीच आहे. आपण नळदुर्गची माणसं घरात दख्खनी आणि बाजारात मराठी बोलतो, आपल्या लेकरांना ते जड नाही. सोलापूरला गेलात तर शेजारी तेलुगू, कन्नडही कानावर पडेल. त्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही.

खासगी इंग्रजी शाळेत पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेतून मोफत प्रवेश मिळेल, अशी काही जणांना आशा असते. तो प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, तिसरी-चौथीच्या मुलाला नाही. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांना ही अट लागू नाही, त्यामुळे आपल्या समाजाच्या इंग्रजी शाळांची नावं त्या यादीत सापडणार नाहीत. आणि सोडत घराच्या अंतरावर चालते. भाड्याच्या घराचा पत्ता द्यायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, तोही अर्ज भरण्याच्या आधीचा. स्टँपपेपरवर नुसत्या सह्या केलेला कागद चालत नाही. मे महिन्यात गाव सोडणाऱ्याची त्या वर्षाची संधी बहुतेक वेळा गेलेलीच असते, कारण अर्ज त्याआधी मागवलेले असतात.

आणखी एक गोष्ट पालक नेहमी विचारतात, ती इथेच निकाली काढू. "मराठवाडा सोडला तर डॉक्टरकीच्या जागेचं काय?" पूर्वी वैद्यकीय प्रवेशाला सत्तर-तीसचं सूत्र होतं. बारावी ज्या विभागातून केली तिथल्या मुलांना सत्तर टक्के जागा. 2020 मध्ये शासनाने ते रद्द केलं. त्यामुळे सोलापूर पश्चिम महाराष्ट्रात आणि धाराशिव मराठवाड्यात, या कारणावरून आज शहर निवडण्यात अर्थ नाही. तुमचं लेकरू अजून पहिलीत आहे, हेही लक्षात असू द्या. "मग सरळ लातूरच का नको?" असंही विचारतात. लातूर अकरावी-बारावीच्या मुलासाठी नाव कमावून आहे. पहिली-चौथीच्या लेकरांसाठी तिथे असं काही खास नाही जे सोलापूर-धाराशिवला मिळणार नाही. ते सहा-सात वर्षांनी बघता येईल.

घरातल्या बाईला विचारलं का?

बाप कामावर जातो, मुलं शाळेत जातात. नव्या गावात दिवसभर एकटी राहते ती आई. अंगावर पिणारं लेकरू असेल तर आणखीच. म्हणून आम्ही दाखला लिहिताना मुद्दाम विचारतो, "भाबींनी घर बघितलं का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं.

तिचं माहेर कुठे आहे, ताप आला तर लेकराला घेऊन ती कुणाच्या दारात जाईल, बाळंतपण होणार असेल तर कुठे, हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. मोठ्या आजारपणाचं म्हणाल तर सोलापूरचं पारडं जड. तिथलं डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून चालू आहे, आपल्याकडचे अवघड रुग्ण पिढ्यान् पिढ्या तिकडेच जातात. धाराशिवला जिल्हा रुग्णालय जुनं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र 2022 पासूनचं. पण लहान लेकराच्या आईला मोठं हॉस्पिटल वर्षातून एकदा लागलं तर लागतं. शेजारची खाला, जिच्याकडे लेकरू ठेवून दळण आणता येईल, ती रोज लागते. माहेर तुळजापूर-धाराशिवकडचं असेल तर धाराशिवला ती खाला आधीच आहे. माहेर अक्कलकोट-सोलापूरकडचं असेल तर उलट. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईला गावी किंवा माहेरी जाणं थोडं सोपं झालंय. हा हिशोबही धरा.

सोलापूरविषयी एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती आम्ही बोलतो. तिथे घरबसल्या बायकांना विडीचं काम मिळतं. दोन पैसे हातात येतात, वाईट काहीच नाही. पण दिवसाच्या विड्या मोजून द्याव्या लागतात आणि आईचा हात कमी पडला की सूप मुलीच्या मांडीवर येतं. आधी फक्त रविवारी. मग शाळेतून आल्यावर रोज. मग परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. घरात असं काम घ्यायचं असेल तर मुलगी शाळेत जाते तेवढ्या वेळातच ते संपवायचं, असं पहिल्या दिवशी ठरवा. नंतर ते ठरत नाही.

मोहल्ला, भाडं आणि पाणी

घर बघताना दोन विचार असतात. एक म्हणजे आपल्या मोहल्ल्यात राहायचं. मशीद जवळ, मकतब जवळ, सणावाराला आपली माणसं, दुःखात चार खांदे. दुसरा म्हणजे मिश्र वस्तीत, जरा मोकळ्या कॉलनीत राहायचं. आम्हाला दोन्ही मान्य आहे. मिश्र वस्तीत घर मिळताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फोनवर घर रिकामं असतं, नाव सांगितलं की 'कालच दिलं' होतं. सगळेच तसे नसतात. दोन्ही शहरांत पिढ्यान् पिढ्या एका भिंतीला भिंत लावून राहणारी घरं आहेत, आणि ओळखीतून गेलं तर दार उघडतं. आधी राहत असलेल्या नातेवाइकाला, शाळेतल्या शिक्षकाला, ज्याच्याकडे काम करणार त्या मालकाला मध्ये घाला. पण दोन महिने खेटे घालून नकार पचवण्यापेक्षा पहिलं वर्ष मोहल्ल्यात काढून मग शांतपणे दुसरं घर शोधणं बरं, असं आमचं म्हणणं. लेकरांची शाळा तेवढ्यात सुरू होते.

मोहल्ल्यात घेतलं तरी मकतबची वेळ आणि शाळेची वेळ जुळते का ते बघा. शहरातल्या काही शाळा दोन पाळ्यांत भरतात. शाळा दुपारची आणि मकतब संध्याकाळचं असेल तर लेकराला जेवायला आणि खेळायलाही वेळ उरत नाही. इमाम साहेबांना विचारलं तर सकाळची वेळ बहुधा मिळते. नव्या गावच्या जमातीत नाव घालून घ्या, वर्गणी थोडी का असेना देत राहा. म्हातारे आई-वडील सोबत नेणार असाल तर कब्रस्तानची सोय कुठे, हे बोलायला जड जातं, पण विचारून ठेवा.

भाडेकरार नोंदणीचाच करा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालक 'कशाला एवढं' म्हणेल. त्याला सांगा की लेकराच्या प्रवेशाला लागतो. गॅस, बँक, शाळा, सगळीकडे तोच कागद उपयोगी पडतो.

आता पाणी. आपण पाणीमहालाच्या गावची माणसं, पण बोरी धरण आटलं की काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. शहरात हा त्रास सुटेल या आशेने जाऊ नका. गंमत अशी की सोलापूर आणि धाराशिव दोघंही उजनीचंच पाणी पितात, लांबून जलवाहिनीने आणलेलं. दोन्हीकडे नळाला रोज पाणी येईल हे धरून चालू नका. सोलापूरकर कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर घर चालवत आले आहेत. त्यामुळे घरमालकाने 'पाणी भरपूर' म्हटलं की मान डोलवा आणि बाजूच्या घरातल्या बाईला जाऊन विचारा. कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मोटार लावावी लागते का, उन्हाळ्यात बोअर चालतो का. पाणी रात्री दोनला येत असेल तर रात्री दोनला उठणारी कोण, हेही तिथेच कळेल. वरच्या मजल्याचं स्वस्त घर आणि पाणी खाली हौदात, असं असेल तर ते घर स्वस्त नाही. पोटुशी बाई किंवा गुडघे दुखणारी दादी असलेल्या घराला तर अजिबात नाही.

दाखला नेण्याआधी

ठरलं, शहर पक्कं झालं, की कागदांकडे या. आमचा रोजचा विषय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दाखला काढण्याआधी शाळेच्या रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचून बघा. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. आधार कार्ड आणि जन्मदाखल्याशी अक्षर अन् अक्षर जुळवा. आपल्या नावांत घोळ फार. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महंमद, तिसऱ्यावर नुसतंच मो. मूल शाळेत शिकत असताना पुरावा दिला तर दुरुस्ती होते. दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. जुन्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद आणि नव्यावर धाराशिव असतो, 2023 मध्ये नाव बदललं म्हणून. त्यासाठी जुने कागद टाकून देऊ नका आणि घाबरूही नका. अडचण जिल्ह्याच्या नावाने येत नाही, मुलाच्या नावातल्या काना-मात्रेने येते.

जातीच्या दाखल्याचं काम असेल तर ते इथे असतानाच उरकून घ्या. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 रोजी किंवा त्याआधी आपलं घराणं कुठे राहत होतं, याला महत्त्व असतं. तुम्ही सोलापुरात वीस वर्षं राहिलात तरी मूळ गाव नळदुर्ग असेल तर दाखल्यासाठी फिरून इकडेच यावं लागतं. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जुना महसुली कागद, जे असेल ते शोधा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि आजच्या कार्यालयात ते वाचणारा मिळेलच असं नाही, म्हणून मराठी भाषांतर करून सोबत ठेवा. गावात अजून उर्दू खत वाचणारी वडीलधारी माणसं आहेत. ती आहेत तोवर वाचून घ्या.

नव्या शाळेत 'आधी दाखला आणा, मग प्रवेश' असं कुणी म्हणालं, तर शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगा. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीही दाखला लगेच दिला पाहिजे. मुलाचा ऑनलाइन विद्यार्थी क्रमांक मात्र लिहून न्या, निकालपत्रकावर असतो. तो नव्या शाळेला मिळाला नाही तर मूल दोन शाळांच्या मध्ये अडकतं. इथे कमी झालेलं, तिथे चढलेलं नाही.

रेशन कार्ड पहिल्या महिन्यातच बदलायला धावू नका. अंगठा जुळत असेल तर दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मिळतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना 8 भरायचा. नळदुर्गची यादी सोडावीशी वाटत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण जिथे राहता तिथल्या नळाचा आणि शाळेचा प्रश्न तिथलाच नगरसेवक सोडवणार.

आता आमचं झुकतं माप कुठे, हे विचारणाऱ्यांसाठी. घरात पाचवीच्या पुढची मुलगी आहे, उर्दू माध्यम चालू ठेवायचं आहे आणि जुन्या पेठांपैकी कुठेतरी, हायस्कूलला पायी जाता येईल असं दोन खोल्यांचं का होईना घर मिळतंय, तर सोलापूर. शहराच्या कडेला मोठं घर मिळतंय म्हणून सोलापूर, असं असेल तर नाही. मुलं सगळी चौथीच्या आत आहेत, आईला माहेरचा आधार तिकडे आहे, बापाचं काम दुकानाचं किंवा कचेरीच्या आसपासचं आहे, तर धाराशिव. लहान गावातलं लेकरू हरवत नाही, शिक्षक बापाला नावाने ओळखतात. आणि काम सोलापुरात पण घर कुठेच जमत नाही असं असेल, तर एक वर्ष लेकरांना नळदुर्गमध्येच राहू द्या. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून शाळेसाठी एसटीचा मोफत पास असतो, त्यामुळे आसपासच्या वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनाही गावातलं हायस्कूल गाठता येतं.

दाखल्यासाठी येणार असाल तर निकाल लागल्यानंतर पहिल्या आठवड्यातच या. मे महिन्यात शिक्षक सुट्टीवर असतात, पण कार्यालय सकाळी उघडं असतं. 15 जूनला शाळा भरते, त्या दिवशी नव्या वर्गात लेकरू बाकावर बसलेलं हवं. येताना आधार, जन्मदाखला आणि शक्य असेल तर लेकराच्या अम्मीला सोबत आणा. रजिस्टरमधली नोंद आम्ही त्यांनाही वाचून दाखवू.